सातव्या महिन्याचा साखरभात

मुळशी खोऱ्यांतील घरीं डोहाळेजेवण निघालें, कीं आंबेमोहोराच्या साखरभाताचा घमघमाट माजघरापर्यंत यावयाचाच. सूनबाईला मधुमेह असेल तर तेथेंच तंटा सुरू होतो. “गोड खाल्लेंस, म्हणून साखर वाढली,” असें आजेसासूबाई म्हणतात आणि पोरीच्या डोळ्यांना पाणी येतें. आमच्या मतें या खटल्यांतील मुख्य आरोपी निराळीच आहे. ती म्हणजे वार.

वार बाळाला अन्न पोंचविते, हें सर्वांस ठाऊक आहे. पण ती स्वतः एक ग्रंथीहि आहे. तिच्या लॅक्टोजेन, प्रोजेस्टेरॉन इत्यादि अंतःस्रावांमुळें आईच्या शरीरांत इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो. आईची साखर बाळासाठीं राखून ठेवण्याची ही निसर्गाची तजवीज! निरोगी स्त्रीचें स्वादुपिंड अधिक इन्शुलिन निर्माण करून वेळ निभावतें; मधुमेही स्त्रीस तें साधत नाहीं. वाढलेली साखर वारेंतून बाळाकडे जाते, आईचें इन्शुलिन मात्र जात नाहीं. मग बाळाचेंच स्वादुपिंड जादा राबतें, बाळ अंगानें फार मोठें होतें, आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरण्याचें भय असतें.

हा प्रभाव नऊ महिने सारखा नसतो. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, ओकाऱ्यांनीं अन्न ठरत नसतांना, इन्शुलिनची गरज पुष्कळदां उलट घटते. पांचव्या महिन्यापासून ती चढूं लागते. डोहाळेजेवण नेमकें या चढणीवर येतें! आणि वार पडली, कीं कांहीं तासांतच गरज झपाट्यानें खालीं येते. त्या रात्रीं जुनीच मात्रा टोंचली, तर बाळंतीण घामानें डबडबून बेशुद्धहि पडेल. म्हणून नवी मात्रा डॉक्टरांना आधींच विचारून ठेवावी. थरकांप सुटला आणि ती शुद्धीवर असली, तर साखरेचें पाणी तत्काळ पाजावें. तेव्हां गोड हेंच औषध.

ज्या १९२१ सालीं या खोऱ्यांत धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला, त्याच सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन हातीं आणलें. तत्पूर्वीं मधुमेही स्त्रीचें बाळंतपण म्हणजे दोन जिवांशीं खेळ होता.

ज्यांना मधुमेह ठाऊकच नाहीं, अशा गर्भिणींनाहि पहिल्या भेटींत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून देऊन दोन तासांनीं रक्त तपासतात. आंकडा १४० किंवा अधिक आल्यास मधुमेह समजतात; कमी आल्यास २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासतात. गरोदरपणांत प्रथमच मधुमेह आढळला असेल, तर प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनीं आणखी एक तपासणी हवी. ती बहुधा राहून जाते. कारण तोंवर बारसें उरकलेलें असतें, सून माहेरीं असते, आणि घरांत सर्वांचें लक्ष पाळण्याकडे लागलेलें असतें.