विश्वामित्रीला तिची जागा

बडोदेकरांना पूर फुटांत कळतो. काळा घोडा पुलाजवळ पाणी २६ फुटांवर गेले की धोका, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ऑगस्ट २०२४ मध्ये हा आकडा ३५ च्याही वर गेला, आणि पाऊस ओसरल्यावरसुद्धा समा, वडसर, कारेलीबाग या भागांतले पाणी उतरेना. असे का झाले?

विश्वामित्री पावागडच्या बाजूने येते. सयाजीराव महाराजांच्या काळी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले आजव्याचे सरोवर भरून वाहू लागले, की तेही पाणी हिच्याच पात्रात उतरते. म्हणून वरचा पाऊस आपल्या दारात उशिरा पोहोचतो. शहरात ऊन पडलेले असताना नदी चढते ती यामुळेच.

शहरातून जाताना ती पुष्कळ वळणे घेते. दोन्ही काठांच्या भुसभुशीत मातीत घळी पडलेल्या आहेत, त्यांना आपण कोतरे म्हणतो. आपल्याला ती पडीक जमीन वाटते. खरे तर ती पुराची विश्रांतीची जागा. पाणी आधी कोतरांत शिरते, थांबते, मग सावकाश उतरते. भुखी कांसेसारख्या कांसा शहराचे पाणी नदीत आणतात आणि वाटेतली तळी त्यातले थोडे अडवून धरतात. कोतरांत राडारोडा टाकला, तळी बुजवली, कांसा अरुंद करून वर स्लॅब घातले, तर पाण्याने थांबायचे कुठे? ते आपल्या पार्किंगमध्ये येऊन थांबते. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही हेच अनुभवले.

एखाद्या सोसायटीने भिंत उंच करून घेतली तर तिच्यापुरते भागते. पाणी समोरच्या काठावर जाते.

२०२५ च्या पावसाळ्यापूर्वी शहरातल्या सुमारे २४ किलोमीटर पात्रातला गाळ काढून ते रुंद करण्याचे काम झाले. ते आवश्यकच होते. पण गाळ पुन्हा साचतो. नुसता गाळ काढणे म्हणजे ताप उतरवणे. ताप कशाने आला ते पाहायचे तर कोतरे, तळी आणि कांसा मोकळ्या करायला हव्यात, काठावर झाडे हवीत. पूरमैदानाच्या सीमा आखून कोतरे राखण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्येच सांगितले आहे. मगरींचेही तसेच. शहरातल्या पात्रात त्या चारशेच्या वर आहेत. त्यांना अंडी घालायला आणि उन्हात पडायला मातीचा उतरता काठ लागतो. उभा सिमेंटचा काठ केला तर त्या जातील कुठे?

आता घरातले. पाणी उतरल्यावर जमिनीखालची टाकी पूर्ण उपसा, घासा, क्लोरीन घाला, मगच भरा. वीज गेली की फ्रिजमधले इन्सुलिन खराब होऊ शकते. ते वरच्या मजल्यावर थंड जागी कसे ठेवायचे हे आधी ठरवा. डायलिसिसवर कोण आहे, एकटे वृद्ध कोण, याची यादी सोसायटीच्या चिटणिसाकडे कागदावर असू द्या. मोबाइल तेव्हा बंद पडतात. पुराच्या पाण्यातून चालल्यावर पंधरवड्यात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोची शंका धरा. मी होमिओपॅथीचा डॉक्टर, तरी सांगतो: या तापात माझ्यासारख्याकडे वेळ घालवू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वेळेवर मिळालेल्या अँटिबायोटिकने माणूस वाचतो.

आणखी एक काम आपल्यासारख्या जुन्या घरांनाच जमेल. कोणत्या सोसायटीखाली पूर्वी तळे होते, कांस कुठून वळायची, हे घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजींना आठवते. नकाशात ते असेलच असे नाही. त्यांना विचारून घ्या, कागदावर खुणा करा, मे महिन्यात दोघे-चौघे त्या कांसेच्या कडेने नदीपर्यंत चालत जा आणि कुठे काय अडले आहे ते लिहून वॉर्ड कचेरीत द्या. पोच मात्र घ्यायला विसरू नका.