काळ्या मातीवरचे गॅरेज

घराच्या आवारात जुन्या मोटारीसाठी गॅरेज बांधायचे ठरले की हौशी माणूस आधी पाने आणि जॅक विकत घेतो. खरा खर्च मात्र जमिनीत असतो, आणि बीदर-कलबुर्गी भागात तो गावागणिक बदलतो. बीदर शहर जांभ्याच्या पठारावर वसलेले आहे, त्यामुळे तिथे पाया कसा घ्यायचा ही फारशी चिंता नसते. कलबुर्गीकडे, आळंदकडे उतरले की काळी माती सुरू होते. ती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर थेट कोबा केला तर तो काही पावसाळ्यांतच उचलतो आणि तडकतो. म्हणून काळा थर जमेल तितका उपसून मुरूम भरावा आणि पाणी मारत, थराथराने धुमसाने चोपावा.

मुरुमावर काय घालायचे, या प्रश्नाचे उत्तर या भागात आधीच ठरलेले असते: शहाबादी फरशी. ती कलबुर्गी जिल्ह्यातल्याच शहाबादच्या खाणींमधली, घराजवळची आणि परवडणारी. ओट्याला, अंगणाला तिच्यासारखी दुसरी नाही, पण मोटारीखाली ती धोक्याची ठरते. अँबॅसॅडरचे वजन साधारण अकराशे किलो असते. गाडी चार जॅक स्टँडवर चढवली की हा सगळा भार स्टँडच्या पायांच्या अरुंद कडांवर येतो. इंच-दीड इंचाच्या फरशीखाली जरा पोकळी राहिलेली असली तर ती तिथेच फुटते, स्टँड कलतो आणि गाडीखाली माणूस असतो. शिवाय हा चुनखडीचा दगड आहे. बॅटरीतले आम्ल सांडले की त्यावर फेस येतो आणि डाग नव्हे, खड्डाच पडतो. तेव्हा गाडी उभी राहील तेवढ्या जागेत सळईची जाळी घालून सहा इंच काँक्रीट ओतावे आणि शहाबादी कामाच्या टेबलाकडच्या बाजूला ठेवावी. इथल्या उन्हात काँक्रीटवर निदान दहा दिवस पाणी टिकवावे लागते आणि 28 दिवस होईपर्यंत त्यावर गाडी चढवू नये.

अँबॅसॅडर चौदा फुटांहून थोडी लांब असते. दारे पूर्ण उघडून बाजूने फिरता यावे, पुढे टेबल मावावे, यासाठी 22 बाय 14 फूट जागा हवी. पुढेमागे लिफ्ट बसवायचा विचार असेल तर छत बारा फुटांवर घ्यावे. पूर्वी गॅरेज म्हटले की पिट खणायचे. काळ्या मातीत पावसाळ्यात त्यात पाणी झिरपते, आणि त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचून राहते. घरच्या गॅरेजात पिट नसलेलाच बरा. दार उत्तरेला किंवा पूर्वेला असावे, म्हणजे नैर्ऋत्येचा पाऊस आणि दुपारचे ऊन दोन्ही चुकतात. मे महिन्यात कलबुर्गीत पारा 42 अंशांपुढे जातो आणि नुसत्या पत्र्याखाली रबरी बीडिंग, होज आणि मेकॅनिक असे तिघेही करपतात. या कोरड्या हवेचा फायदाही आहे: कोकणात जे पत्रे गंजून चाळण होतात, ते इथे तग धरतात.

कंप्रेसर आणि वेल्डिंग मशीन घरच्या जुन्या वायरिंगवर चालवू नये. जेस्कॉम या वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा आणि वेगळी लाइन व अर्थिंग करावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नये.

पान्यांचा संच गाडी पाहूनच घ्यावा. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून 2014 पर्यंत निघत राहिलेली अँबॅसॅडर मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून तिच्या जुन्या इंजिनाचे बोल्ट इंचातले. विलिज जीपचेही तसेच. प्रीमिअर पद्मिनी मात्र इटलीच्या फियाटची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये उभ्या केलेल्या कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात ती बनत असे आणि तिचे बोल्ट मिलिमीटरमधले. अर्ध्या इंचाच्या बोल्टावर 13 चा पाना बसल्यासारखा वाटतो. जोर लावला की तो घसरतो, बोल्टाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा काढावा लागतो. त्याशिवाय फिलर गेज हवाच, कारण अँबॅसॅडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा पॉइंट 0.015 इंचावर आणि प्लग 0.025 इंचावर लावायचा असतो. टॉर्क रेंच, ग्रीस गन, व्हाइस आणि कोरड्या पावडरचा अग्निशामक एवढे झाले की काम सुरू करता येते.

दारांच्या मुठी आणि बॉनेटवरचे चिन्ह सहसा जस्ताच्या मिश्रधातूत ओतून वर क्रोम चढवलेले असतात. बिदरीचे कारागीर सुरई ओततात तीही जस्तात तांबे मिसळूनच. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळते. अडकलेला स्क्रू सुटावा म्हणून मुठीला गॅसची ज्योत लावली तर स्क्रू राहतो आणि मूठ जाते.

रंगकाम डिसेंबर-जानेवारीत सकाळी उरकावे. उन्हाळ्यात थिनर पत्र्यावर पोचण्याआधीच उडतो आणि रंग खरबरीत बसतो. जमिनीवर पाणी मारून धूळ बसवून घ्यावी. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुने रबरी होज आणि पंपाचा डायफ्रॅम खराब होतो, म्हणून ते बदलूनच घ्यावेत. सुट्या भागांसाठी बीदरकरांना सिकंदराबादचे रानीगंज जवळ पडते. तिथे मिळाले नाही तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच.

इंजिनाला हात लावण्यापूर्वी कागदांचाही विचार करावा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षे टिकते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन मूळचेच हवे. पेट्रोल परवडत नाही म्हणून डिझेल इंजिन चढवलेल्या अँबॅसॅडर या अटीत बसत नाहीत. काढलेले जुने इंजिन कुठे पडून असेल तर ते भंगारात देण्याआधी तपासावे. व्हिंटेज क्रमांकाची गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या बाजारहाटाला किंवा भाड्याने ती चालत नाही.