‘ढ’ ठरलेले मूल आणि रक्तातील शिसे

वर्गातील एखादे मूल पाढे विसरते, फळ्याकडे पाहता पाहता खिडकीबाहेर बघू लागते, सांगितलेली दोन कामे क्रमाने करू शकत नाही. शिक्षकांच्या खोलीत त्याच्यावर ‘ढ’ असा शिक्का बसतो आणि पालकही तो निमूटपणे स्वीकारतात. या शिक्क्यामागे कधी कधी एक धातू दडलेला असू शकतो, हे अमेरिकेतील डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ साली दाखवून दिले. बोस्टनलगतच्या दोन वस्त्यांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी गोळा केले, त्यांतील शिसे मोजले आणि मुलांच्या वर्तनाविषयी त्यांच्या शिक्षकांची मते मागविली. दातांत काय आढळले याची शिक्षकांना कल्पना नव्हती. तरीही ज्या मुलांच्या दातांत शिसे अधिक, त्यांच्याविषयीच ‘लक्ष टिकत नाही’, ‘साध्या सूचनाही पाळता येत नाहीत’ असे शेरे अधिक आले. रूढ अर्थाने ही मुले आजारी नव्हती.

शिशाची ओळख पटणे अवघड जाते ते यामुळेच. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठविते. मेंदूत त्याचा शिरकाव होतो. रक्तातील हिमोग्लोबिन तयार होण्यात ते अडथळा आणते. दिसणारी लक्षणे मात्र सर्वसामान्य असतात. पोट दुखते म्हणून जंताचे औषध दिले जाते, चेहरा पांढुरका दिसतो म्हणून लोहाच्या गोळ्या. लोहाची गोळी चुकीची नव्हे. लोह कमी असलेल्या शरीरात शिसे अधिक शोषले जाते. परंतु तेवढ्यावर समाधान मानले, की खरे कारण झाकले जाते. हिरड्यांवरील निळसर रेघ हे पाठ्यपुस्तकातील लक्षण. तिची वाट पाहणे मुलाला परवडणारे नाही. निर्णायक ठरते ती रक्ताची तपासणी. दर डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार या मर्यादेवरील मुले जगात सुमारे ८० कोटी असून त्यांतील २७ कोटींहून अधिक भारतातील आहेत.

रोग्याला त्याचा व्यवसाय विचारा, असे इटलीतील रामाझ्झिनी यांनी १७०० साली वैद्यांना बजावले होते. मुलाच्या बाबतीत तो प्रश्न बापाला विचारावा लागतो. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणारा कामगार संध्याकाळी कपड्यांवर धूळ घेऊन घरी येतो आणि रांगते मूल तीच धूळ बोटांनी तोंडात घालते. भारतात पेट्रोलमधील शिसे २००० साली बंद झाले. रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली. तथापि जुन्या भिंतींचे पोपडे अजून गळत आहेत. शेंदूर तर परंपरेने शिशाचाच, आणि हळदीला झळाळी आणण्यासाठी शिशाचा पिवळा क्रोमेट मिसळणारे व्यापारी बांगलादेशात सापडले.

उपचार म्हटले की साहजिकच औषध डोळ्यांपुढे येते. धातूला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत. त्यांतील एक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये विषारी वायूवरील उतारा म्हणून तयार झाले. शिसे ४५ मायक्रोग्रॅमपर्यंत पोचले, तर ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यावीच लागतात. झटके येऊ लागले किंवा शुद्ध हरपली, तर एक तासही दवडता येत नाही. त्याखालच्या पातळीचे काय? अमेरिकेत ७८० मुलांवर झालेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधाने रक्तातील शिसे उतरले, पण बुद्धिमापनात काहीच फरक पडला नाही. शरीर ‘शुद्ध’ करून देण्याच्या जाहिराती करणाऱ्यांनी हे वाचलेले दिसत नाही.

नायजेरियातील झाम्फारा प्रांतात २०१० साली सोन्याचे खनिज घराघरांत दळले जात असे. त्यातील शिशाने शेकडो मुले दगावली. तेथे उपचार करणाऱ्या पथकांनी आधी अंगणातील विषारी माती खरवडून काढण्याचा आग्रह धरला. कारण औषध घेऊन मूल त्याच अंगणात परतले, तर काही आठवड्यांत रक्तातील शिसे पुन्हा चढते. आपल्याकडील बॅटरी कामगाराच्या घरीही आरंभ येथूनच करावा लागतो: कामाचे कपडे उंबऱ्याबाहेर उतरवायचे, ते वेगळे धुवायचे, आणि कोरड्या केरसुणीने धूळ उडविण्याऐवजी जमीन ओल्या फडक्याने पुसायची.