मळ सोडणारे हत्यार

अजिंठ्याचा घाट उतरून, फर्दापूर आणि पहूर मागे टाकीत जामनेरात येणाऱ्या मोटारीच्या चाकांवर तिच्या प्रवासाची इतकी तपशीलवार नोंद झालेली असते, की गाड्या धुण्यात हात मुरलेला मनुष्य चालकाला काही न विचारता ती कोठून आली हे सांगू शकतो. घाटात वारंवार ब्रेक दाबावे लागल्याने पुढची दोन्ही चाके मागच्यांहून काळवंडलेली असतात. कारण वेग रोखताना गाडीचा भार पुढे झुकतो, रोखण्याच्या श्रमाचा मोठा वाटा पुढच्या ब्रेकांच्या माथी येतो, आणि त्या घर्षणात लोखंडी डिस्कचे व तिला आवळणाऱ्या पॅडचे सूक्ष्म कण तापलेल्या अवस्थेत उडून चाकाच्या अंगाला चिकटतात. याउलट जी गाडी कपाशीच्या शिवारातून, पांदीच्या चिखलातून आलेली असते, तिच्या चाकांची दर्शनी बाजू एखादे वेळी बरी दिसते. परंतु आतल्या पोकळीत काळ्या मातीचे असे थर बसलेले असतात, की चाकाचा तोल बिघडून रस्त्यावर वेग वाढताच स्टिअरिंग थरथरू लागते, आणि मालक बिचारा मेकॅनिककडे धाव घेतो. पुष्कळदा त्या दुखण्याला बादलीभर पाणी हाच इलाज असतो.

पाचोरा-जामनेर ही अरुंद मापाची आगगाडी, जिला या मुलखात सारेजण ‘पीजे’ म्हणत, २०२० साली थांबली, आणि येथील माणसाच्या येण्याजाण्याचा सारा भार रस्त्यावर आला. गावाबाहेर पडणाऱ्या वाटांवर वॉशिंग सेंटरांच्या पाट्या दिसतात. त्यांपैकी एका ठिकाणी, पत्र्याच्या सावलीत बसून, मी हे काम सावकाश पाहिले. पाहण्यासारखे होते ते पाण्याच्या फवाऱ्याचे नाटक नव्हे. ते कोणीही करतो. पाहण्यासारखी होती ती भिंतीलगतची फळी, जिच्यावर चाकांसाठी म्हणून वेगळे ठेवलेले ब्रश, फडकी आणि डबे यांचा सरंजाम मांडलेला होता, आणि गाडीच्या अंगाचे वापरातले फडके त्या फळीवर ठेवण्याची किंवा फळीवरचे गाडीच्या अंगाला लावण्याची मुभा कोणालाच नव्हती.

ही शिस्त कशासाठी, हे समजण्यास चाकाची घडण ध्यानात घ्यावी लागते. बैलगाडीच्या चाकाला स्वच्छतेची मातब्बरी नव्हती. त्याची लोखंडी धाव रस्ताच घासूनपुसून लखलखीत ठेवी, तुंब्याला वंगण मिळाले की मालकाचे कर्तव्य संपे, आणि पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर गाडीवर पाणी पडले तर पडले. पुढे आलेल्या जीपगाड्यांची व ॲम्बेसेडरची चाके पोलादी पत्र्याची होती, आणि त्यांवर काथ्या फिरला तरी फारसे बिघडत नसे. आज ज्याला लोक अलॉय किंवा मॅगव्हील म्हणतात, ते मात्र ॲल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून ओतलेले असते, आणि त्याची सारी शोभा त्यावरच्या पारदर्शक लेपात असते. हा लेप माणसाच्या केसाच्या जाडीहूनही बहुधा पातळ असतो. तो शाबूत आहे तोवर पाणी, क्षार आणि लोखंडाची भुकटी बाहेर थोपवली जाते; त्याला एकदा ओरखडा पडला, की त्या फटीतून ओल आत शिरते आणि लेपाखाली पांढरट किड्यांच्या वाटांसारखी गंज पसरू लागते, जिच्यावर मग कोणताही ब्रश चालत नाही.

साहजिकच मनुष्य असे गृहीत धरतो, की मऊ हत्यार ते सुरक्षित आणि राठ ते घातक. या समजुतीत तथ्य आहे, पण अर्धेच. चाकावरचा मळ हाच मुळी हत्याराहून कठीण असतो: रस्त्यावरच्या वाळूतील गारेची कठीणता मोह्सच्या मापनात ७ भरते, तर ॲल्युमिनियम ३ च्याही आतच राहते. म्हणजे ओरखडा काढते ती वाळू. ब्रश किंवा स्पंज तिला केवळ इकडून तिकडे वाहून नेतो. मग स्पंज कितीही लोण्यासारखा असला, तरी त्याच्या सपाट तोंडावर अडकलेला एखादा खडा तो प्रत्येक फेऱ्यात लेपावर दाबून फिरवणारच. आणि लांब, मोकळ्या केसांचा ब्रश हाताला किंचित खरखरीत लागला, तरी खडा त्याच्या केसांमधून खाली गळून जातो व पाण्यात झटकताच उरलासुरलाही निघतो. माझ्या मते हत्याराची पारख त्याच्या मऊपणावर करण्यापेक्षा ते घेतलेला मळ किती सहज सोडते यावर करावी. दुकानदार मात्र मऊपणाचीच जाहिरात करतो, कारण तो बोटांनी चाचपून दाखवता येतो.

या कसोटीस प्रथम नापास होते ती भांड्यांची हिरवी घासणी. ती स्वयंपाकघरात इतकी निरुपद्रवी भासते, की चाक धुताना हात सहजच तिच्याकडे वळतो. परंतु तिच्या तंतूंना घर्षक खनिजाचे कण मुद्दाम चिकटवलेले असतात, म्हणजे तिला वाळू शोधावी लागत नाही, ती स्वतःची घेऊनच येते. तारेच्या चोथ्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. कपड्यांच्या ब्रशाचे आखूड, ताठ केस टायरच्या रबरावर उत्तम चालतात, आणि तेथेच चालावेत. रिमच्या काठावर त्यांना मज्जाव असावा.

नव्या ब्रशाची परीक्षा घेण्याची एक युक्ती मी तेथे पाहिली. जुन्या सीडीची चकचकीत बाजू ओली करून तिच्यावर ब्रश चारदोनदा फिरवावा आणि ती उन्हात तिरपी धरावी. जेथे सीडीवर बारीक रेघांचे जाळे उमटते, तेथे तो ब्रश चाकाच्या लेपासही बाधक ठरण्याचा संभव असतो. गाणी ऐकण्याच्या कामातून निवृत्त झालेल्या सीड्यांना इतकी सन्मान्य नोकरी अन्यत्र मिळाली असेल असे वाटत नाही. ज्या केसांची टोके तंतुमय फुटलेली असतात ते या परीक्षेत सहसा उतरतात. जाड आणि तोडल्यासारख्या बोथट टोकांचे सहसा नाहीत.

खरी कसोटी लागते ती चाकाच्या आतल्या पोकळीत. बाहेरचे आरे डोळ्यांसमोर असतात, हात तेथे जपून चालतो. पण आऱ्यांमधून मनगट आत घालून पाठीमागची नळकांडी भिंत घासताना मनुष्य आंधळेपणाने काम करीत असतो. त्यासाठी लांब दांड्याचे निमुळते ब्रश मिळतात, ज्यांच्या गाभ्यात पिळलेली तार असते व तिच्यात केस गुंफलेले असतात. असा ब्रश घेताना बहुतेक गिऱ्हाईक केस पाहते. पाहावयाचे असते ते टोक: तारेचे शेवट रबराने किंवा प्लास्टिकने नीट झाकले आहे की नाही, आणि दांडा वाकवल्यास तार केसांतून डोके वर काढते की काय. वापरून वापरून केस विरळ झाले, की हीच तार पोकळीच्या भिंतीवर आणि आऱ्यांच्या पाठीवर रेघा ओढते, आणि आवाजही करीत नाही. धातूचा गाभा टाळून प्लास्टिकच्या दांड्यावर लोकरीसारखे कृत्रिम तंतू बसवलेले ब्रशही मिळतात. ते महाग असतात, पण पोकळीपुरते पाहता पैसे वसूल करून देतात. आत आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. चाकाचा तोल साधण्यासाठी रिमच्या आतल्या बाजूस चिकटवलेल्या शिशाच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या असतात. आडदांडपणे ब्रश रेटला किंवा फवारा अगदी जवळ धरला तर त्या सुटून पडतात, आणि माती काढून मिळवलेला तोल पुन्हा हातचा जातो.

नटांच्या खोलगट घरांसाठी फळीवर दाढीचा एक जुना ब्रश होता. त्याच्या केसांबद्दल तक्रारीस जागाच नव्हती. मुठीजवळच्या धातूच्या कड्याला मात्र चिकटपट्टीचे वेढे दिलेले होते.

हत्यार कितीही नामांकित असले तरी काळ्या मातीपुढे ते लगेच चालवू नये. आपली खानदेशी काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून दगडासारखी घट्ट होते. वाळलेल्या थरावर ब्रश मारला तर माती निघत नाही, तिच्यातली कंकरे तेवढी सुटी होऊन घासली जातात. “भाऊ, आधी भिजू द्या, मग हात लावा,” एवढेच एक वाक्य तो धुणारा माणूस घाई करणाऱ्या चालकांना पुनःपुन्हा ऐकवीत होता. भिजलेली माती हलक्या धारेनेच ढासळू लागते, आणि ब्रशाच्या वाट्याला केवळ पातळ चिकट थर उरतो. घाट उतरून नुकत्याच आलेल्या गाडीला मात्र तो पाण्याचा थेंबही लागू देत नसे. हात चाकाजवळ नेऊन, स्पर्श न करता, तो आच अजमावी. कारण तापलेल्या डिस्कवर अकस्मात थंड पाणी पडले तर ती वाकण्याचे भय असते, आणि साबणही क्षणात वाळून डाग धरतो.

ब्रेकची भुकटी साध्या शॅम्पूने पूर्णतः निघत नाही, आणि येथेच उतावळ्या माणसाला फरशी धुण्याच्या ॲसिडाचा मोह होतो. ते भुकटी झटक्यासरशी उतरवते, हे खरे. पण हायड्रोक्लोरिक आम्ल लेपात जेथे चीर असेल तेथून धातू खाते आणि ब्रेकच्या भागांनाही सोडीत नाही. काही तीव्र द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते, ज्याची जात याहूनही कपटी: कातडीतून आत उतरून ते शरीरातील कॅल्शियम धरते, आणि वेदना कधीकधी काही तासांनी जाणवते. डब्यावरचा मजकूर वाचून असला जिन्नस दुकानातच ठेवून यावा. धुण्याचा सोडाही ॲल्युमिनियमला काळे पाडतो. त्यापेक्षा थायोग्लायकोलेटचे क्षार असलेली, उदासीन गुणाची द्रावणे बरी. ती लोखंडाच्या कणांना गाठून जांभळी होतात, आणि चाकावरून जांभळे ओघळ उतरू लागले की आत किती भुकटी दडली होती याची रुजवात आपोआप पटते. त्यांना सडक्या अंड्यांची दुर्गंधी येते, हा त्यांचा दोष. ती वाळण्यापूर्वी धुवावी लागतात, आणि रबरी हातमोजे येथेही हवेतच.

पाण्याच्या बाबतीत बादल्या दोन: एकीत साबण, दुसरीत ब्रश विसळण्याचे स्वच्छ पाणी. विसळण्याच्या बादलीच्या तळाशी भाजी धुण्याची प्लास्टिकची चाळणी पालथी घातलेली होती, जेणेकरून तळाला बसलेली वाळू ब्रश बुडवताना पुन्हा उसळून वर येऊ नये. विकत मिळणारी जाळी हेच काम करते. चाळणी स्वस्त पडते. चौथे चाक संपेपर्यंत त्या चाळणीखाली जो गाळ जमे, तो पाहिल्यावर दुसऱ्या बादलीच्या उपयुक्ततेबद्दल वाद घालण्याची इच्छा राहत नसे. जमिनीवर पडलेला ब्रश विसळल्याविना चाकाला लावणे हा तेथे गुन्हा समजला जाई, आणि माझ्या देखत एका पोराला त्याबद्दल समजही मिळाली.

मायक्रोफायबरची फडकी पाणी शोषून घेण्यात अजोड खरी, पण मघाची कसोटी त्यांना अवघड जाते: तंतूंच्या फाट्यांत अडकलेला कण ती सहजी सोडीत नाहीत. म्हणून त्यांनी घासावे असे नव्हे, तर धुऊन झालेले चाक टिपावे. आणि टिपणे जरूर. येथले बोअरचे पाणी जड, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात, चाकावर पाणी वाळू दिले तर चुनखडीचे पांढरे ठिपके उठतात. फडक्यांचा हिशेबही त्या फळीवर ठरलेला होता: गाडीच्या अंगासाठी आलेले फडके जुने झाले की चाकांकडे, तेथून मडगार्डच्या आतल्या बाजूला, आणि शेवटी ट्रॅक्टरकडे; ही बदली एकाच दिशेने होई, परतीचा हुकूम कधीच निघत नसे.

गाडी बाहेर काढताना चालकाला एक सूचना दिली जाई: रस्त्याला लागण्याआधी हळू चालवून दोनतीनदा ब्रेक दाबा. ओल्या डिस्कची पकड पहिल्या क्षणी कमी पडते, आणि गाडी रात्रभर उभी राहिली तर डिस्कवर तांबूस गंजाचा पापुद्रा धरतो. सकाळी निघताना त्याची खरखर ऐकू आल्यास घाबरू नये; पहिल्या काही दाबांत तो घासून जातो.