वाळू लागली की थांबायचं

कॅनडात एडमंटनला जानेवारीत जमीन खणायला घेतली की वरचा थर मातीचा राहिलेलाच नसतो, त्याचा दगड झालेला असतो. म्हणून आमच्या हायड्रोव्हॅक ट्रकवर बॉयलर असतो. तापवलेलं पाणी हातातल्या लांब नळीतून जोराने सुटतं, गोठलेली माती फोडतं, आणि शेजारी सोडलेला आठ इंची होज तो चिखल गाडीवरच्या टाकीत ओढून घेतो. बकेटचे दात नाहीत की पहार नाही. थोड्या वेळाने खड्ड्याच्या तळाशी गॅसची पिवळी नळी दिसते, नुकतीच धुऊन ठेवल्यासारखी.

रस्त्याने जाणारे थांबून बघतात, कुणी मोबाइल काढतं. पण तोटी धरणाऱ्याच्या मनगटाकडे कुणाचं लक्ष जात नाही. धार एका जागी थांबली तर माती फोडणारं तेच पाणी केबलचं आवरणही फोडतं. म्हणून तोटी सतत फिरती ठेवायची, लाइन जवळ आली की दाब उतरवायचा, पाणी 45 अंशांपुढे तापवायचं नाही. विजेची लाइन असेल तर माणूस अर्थिंग जोडलेल्या जाळीवर उभा राहतो, पायात वीजरोधक बूट घालून. चिखल ओढणाऱ्या ब्लोअरचा आवाज इतका, की बोलणं अशक्य. खड्ड्यात वाकून बघत राहणारा दुसरा गडी, इथल्या भाषेत स्वॅम्पर, त्याची मूठ वर गेली की पाणी बंद.

मी तिथे निरीक्षक म्हणून उभी असते. ती मूठ वर गेली की मला पुण्यातले एक मुकादम आठवतात.

माझी ती पहिली नोकरी. पाण्याच्या लाइनीसाठी रस्त्याकडेने चर चालली होती. कंत्राटदाराला घाई होती, जेसीबी लावला होता. नकाशावर 22 केव्हीची केबल चरीपासून चांगली दोन मीटर लांब. आणि मुकादम अचानक जेसीबीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"मॅडम, थांबवा. वाळू लागली."

मी नकाशा पुढे केला. त्यांनी तो पाहिलाही नाही. खाली बसून त्यांनी मूठभर वाळू उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "हितं समदी काळी माती. मग वाळू आली कुठनं? कुणीतरी आणूनच टाकली असंल की."

फावड्याने हलकेच वाळू सारली तर विटांची ओळ लागली. विटांखाली केबल. ड्रायव्हरने आणखी एक बकेट घेतली असती तर काय झालं असतं, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. कॉलेजात चार वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं.

भारतात 22 मार्च 2023 ला 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आलं, तेव्हा एकमेकांना न कळवता केलेल्या खोदाईचं नुकसान सरकारने वर्षाला सुमारे 3000 कोटी रुपये सांगितलं. ॲपमुळे खोदणारा आणि केबलवाला एकमेकांना सापडतात, ही मोठीच गोष्ट आहे. पण केबल नेमकी कुठे आहे, हे ती डोळ्यांनी दिसल्याशिवाय ठरत नाही. गटारं उपसणाऱ्या सक्शन-जेटिंगच्या गाड्या आपल्याकडे शहरोशहरी फिरतात. हायड्रोव्हॅक म्हणजे त्यांचंच खोदाईला लावलेलं भावंड. आपल्या रस्त्यांखालची गर्दी बघता ते तिथे रोज दिसायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

इथे अल्बर्टात लाइन दाखवणाऱ्या जमिनीवरच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना एक मीटर यंत्राने खोदायला बंदी आहे. त्या पट्ट्यात हाताने किंवा व्हॅक्यूमनेच लाइन उघडी करायची. हा मीटर कशासाठी, ते मला एका पिवळ्या झेंडीने दाखवलं. प्लास्टिकची गॅसनळी लोकेटरला, म्हणजे लाइन शोधणाऱ्या यंत्राला, सापडत नाही. तिच्यासोबत तांब्याची तार पुरलेली असते, तिच्यात सिग्नल सोडून वरून माग काढतात. तार कुठे तुटली असेल तर सिग्नल शेजारच्या केबलवर उडी मारतो आणि झेंडी भलतीकडे लागते. त्या दिवशी झेंडीखाली दीड मीटर उतरलो तरी काही नाही. एक्स्कॅव्हेटर ताटकळत होता. साइटवरचा सुपरवायझर म्हणाला, "लाइन बंद करून काढून टाकली असेल." आमच्या धंद्यात याहून भयंकर वाक्य नाही. आम्ही आडवी चर काढत गेलो. झेंडीपासून 80 सेंटिमीटरवर स्वॅम्परची मूठ वर गेली. चिकणमातीत पिवळसर वाळूचा पट्टा. त्याखाली नळी होती, गॅस भरलेली.

पण सगळ्यात जास्त मनात राहिला तो गेल्या वर्षीचा खड्डा. पाण्याची नवी लाइन जिथे जुन्या, जास्त दाबाच्या गॅसवाहिनीला ओलांडणार होती, तिथे आम्ही वाहिनी उघडी केली. पोलादी पाइपावरच्या पिवळ्या वेष्टनावर हातभर ओरखडा होता आणि खाली धातूत खाच. बकेटच्या दाताची, जुनी. कुणीतरी कधीतरी धडक दिली होती, गळत नाही हे बघितलं होतं आणि माती ओढून निघून गेलं होतं.

बेल्जियममध्ये गिलांगियें इथे 30 जुलै 2004 ला गॅसवाहिनी फुटून 24 माणसं गेली. त्या वाहिनीवरही आधीच्या बांधकामात यंत्राचा घाव बसलेला होता. घाव तेव्हा फुटला नाही, नंतर फुटला. आमचा ऑपरेटर त्या खाचेकडे बघत उभा राहिला, तोटी खाली ठेवून. मग आम्ही सगळे मागे सरलो आणि वाहिनीच्या मालकांना फोन लावला.

त्यांची माणसं आली. दाब उतरवला, पाइप घासून तपासला, खाचेवर पोलादी कडं चढवलं. खड्डा तीन दिवस ताडपत्री आणि हीटर लावून उघडा ठेवला होता. बुजवायच्या वेळी ट्रकने वाळू आणली. मी फावडं मागून घेतलं. स्वॅम्परने हसून ते दिलं. पाइपाच्या खाली, दोन्ही कुशींना, मग वर, अशी दोघांनी मिळून हाताने वाळू भरली, चांगली वीतभर.