कोल्हापूरचं गुरुत्वाकर्षण आणि डेडवेट टेस्टर

शिरोली, गोकुळ शिरगावात प्रेशर गेज तपासणाऱ्या मित्रांनो, वजनावर '१०० बार' कोरलंय म्हणून खाली १०० बारच तयार होतो असं धरून चालू नका. आधी सर्टिफिकेट काढा आणि वजनं कुठल्या 'जी'साठी जुळवलीत ते बघा.

प्रमाण जी ९.८०६६५. आपलं कोल्हापूर १६.७ अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथं तो सुमारे ९.७८३ भरतो. वजनं प्रमाण जीची असतील तर १०० बारऐवजी ९९.७६ बारच मिळतो. चांगला गेज बरोबर तेवढंच दाखवतो, आणि आपण काटा उपसून १०० वर बसवतो! धडधाकट गेज आपल्याच हातानं बिघडतो, याचं मला फार वाईट वाटतं. दुरुस्ती अगदी सोपी: कोरलेला आकडा गुणिले स्थानिक जी, भागिले ९.८०६६५.

मग तापमान. पोलादी पिस्टन-सिलिंडरचं क्षेत्रफळ दर अंशाला सुमारे ०.००२३ टक्के वाढतं, दाब तेवढाच घटतो. सर्टिफिकेट २० अंशांचं आणि एप्रिलातली शेड ३६ अंशांची, म्हणजे ०.०३७ टक्के गेले. हवेचं प्लावक बल आणखी ०.०१४ टक्के खातं.

उंचीकडं मात्र कुणी बघत नाही. गेज पिस्टनच्या संदर्भ पातळीपेक्षा १० सेंटिमीटर वर असेल तर तेलाच्या स्तंभापायी सुमारे ०.००९ बार कमी पोचतो. १०० बारला ते किरकोळ, पण २ बारला ०.४ टक्क्यांच्या वर.

आणि रीडिंग घेताना वजनं हातानं हलकेच फिरती ठेवा; थांबलेला पिस्टन घर्षणानं अडकतो.