पॉवर टिलर घ्यावा की छोटा ट्रॅक्टर?

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमालगत, कुरुंदवाडच्या परिसरातील काळ्या रानात, जमिनीचे तुकडे पिढीगणिक लहान होत आले आहेत. आजोबांच्या वेळी जे एकसंध रान होते, त्याचे वडिलांच्या वेळी वाटे पडले आणि नातवांच्या हाती एकर-दीड एकर आले. दावणीची बैलजोडीही बहुतेक घरांतून गेली. वर्षभराची वैरण आणि गड्याचा पगार दीड एकराला झेपेनासा झाला. परिणामी कोल्हापूर, सांगली, पुणे अशा शहरी नोकरीनिमित्त राहणाऱ्या पुष्कळ सुशिक्षित घरांत एक प्रश्न दर उन्हाळ्यात निघतो. गावाकडून थोरल्या भावाचा निरोप येतो, की यंत्र घ्यावयाचे आहे, तुझा हातभार किती? आणि पाठोपाठ पुतण्याचे म्हणणे येते, "काका, घ्यायचा तर ट्रॅक्टरच घेऊ या. टिलरमागं चालत कोण बसणार?"

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. पैसा कर्जाचा असतो, जमीन वाडवडिलांची असते, आणि यंत्राच्या मुठी धरणारा मनुष्य बहुधा साठीच्या घरात आलेला असतो. म्हणून दोन्ही यंत्रांचा स्वभाव नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्रे पारखण्याची रीत काळाबरोबर कशी उलटली, हे पाहण्यासारखे आहे. याच कृष्णाखोऱ्यात, किर्लोस्करवाडी येथे, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली कारखान्याचा संसार थाटला. त्यापूर्वी त्यांनी बेळगावास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. त्या काळी मनुष्य नव्या यंत्रास भीत होता. आज तो त्यास भुलतो. शेजाऱ्याच्या दारात ट्रॅक्टर उभा राहिला, की आपल्याही दारात तो शोभेल असे वाटू लागते. भीती आणि भूल या दोहोंतही एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे आपल्या रानाची मोजणी.

पॉवर टिलर म्हणजे दोन चाकांचे, मागून चालत हाकावयाचे यंत्र. पुढे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन, साधारण बारा-तेरा अश्वशक्तीचे. मधे गिअरपेटी व दोन चाके. मागे माती भुसभुशीत करणारी फिरती पाती. आणि त्यांच्याही मागे दोन लांब मुठी. भारतात ही यंत्रे जपानी सहकार्याने रुजली. बंगळूरच्या व्ही. एस. टी. कंपनीने मित्सुबिशीच्या, तर केरळच्या सरकारी कामको कंपनीने कुबोटाच्या साहाय्याने ती बनविली. जपानात भाताची खाचरे लहान. त्या खाचरांतच हे यंत्र वाढले. छोटा ट्रॅक्टर म्हणजे चार चाकांचा, बसून चालवावयाचा, साधारण पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा. त्यास अवजार उचलणारी हायड्रॉलिक योजना असते, रोटाव्हेटर फिरविणारा दांडा असतो, आणि ट्रॉली जोडता येते. टिलरचे वजन चारशे किलोच्या आसपास भरते. छोट्या ट्रॅक्टरचे त्याच्या सुमारे दुप्पट.

दोहोंतील खरा भेद अश्वशक्तीचा नव्हे. तो वळणाचा आहे.

ट्रॅक्टर वळतो तो पुढच्या चाकांनी. मनुष्य सुकाणूचक्र फिरवितो, पुढची चाके तिरपी होतात आणि मागचे धूड त्यांच्या पाठोपाठ जाते. वळताना बाहेरच्या चाकास अधिक अंतर तोडावे लागते, आतल्यास कमी. हा फरक सांभाळण्यासाठी मागच्या आसात डिफरन्शिअल नावाची दंतचक्रांची योजना असते. वळण आणखी आखूड करावयाचे तर मागच्या डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक निरनिराळे असतात, त्यांपैकी एक दाबावयाचा. इतके करूनही ट्रॅक्टरला मोठा घेरा लागतोच. न मिळाल्यास मागे-पुढे करावे लागते.

टिलरला सुकाणूचक्रच नाही. प्रत्येक मुठीखाली एक खटका असतो. डावा खटका ओढला की डाव्या चाकाचा इंजिनाशी संबंध सुटतो. ते जवळजवळ थांबते, उजवे चालत राहते आणि यंत्र डावीकडे वळते. स्वतःच्या लांबीएवढ्या जागेत ते परत फिरू शकते. अमेरिकेतील विस्तीर्ण हिरवळींवर गवत कापण्याची बसून चालवावयाची यंत्रे असतात, त्यांतही हाच भेद आढळतो. एक जात सुकाणूचक्राची; दुसरी 'झीरो-टर्न', म्हणजे जागच्या जागी वळणारी. या दुसरीत मागच्या प्रत्येक चाकास स्वतंत्र गती असते आणि दोन दांड्यांनी ती कमी-अधिक करता येते; एक चाक पुढे व दुसरे मागे फिरविले, की यंत्र भोवऱ्यासारखे फिरते. झाडे-झुडपे फार असलेल्या बागेत ते पुष्कळ वेळ वाचविते. परंतु उतारावर त्याची मागची चाके घसरली, की वळविण्याचे साधनच हातचे जाते. कारण पुढची चाके केवळ मागच्यांच्या इच्छेने फिरणारी असतात. आखूड वळणाची किंमत कोठे तरी मोजावी लागते, हा नियम तेथेही आहे आणि कुरुंदवाडच्या रानातही.

आता प्रत्यक्ष रानाचा हिशेब पाहावा. असे समजा, की एका कुटुंबाचे दोन तुकडे आहेत. पहिला एक एकराचा, ३३० फूट लांब व १३२ फूट रुंद. दुसरा वीस गुंठ्यांचा, १६५ फूट लांब व १३२ फूट रुंद. दोहोंत लांबीच्या दिशेने साडेचार फुटांवर उसाच्या सऱ्या आहेत. छोट्या ट्रॅक्टरला सरीच्या प्रत्येक टोकास वळावयास दहा फुटांची पट्टी मोकळी ठेविली, तर दोन्ही टोकांची मिळून २,६४० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ अडीच गुंठे जागा वळणात जाते. एकराच्या तुकड्यात हा सहा टक्के भाग झाला. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात मात्र तोच बारा टक्के झाला! टिलरला पाच फुटांची पट्टी पुरली, तर हे नुकसान निम्म्यावर येते. तुकडा जितका आखूड, तितके वळण महाग, हे यावरून ध्यानात यावे. सर्व बाजूंनी दुसऱ्यांचे बांध असतील, तर पट्टीबाहेर एक पाऊल टाकण्याची सोय नसते, आणि बांधावरून चाक गेले म्हणून भावकीत बोलणी बंद झाल्याची उदाहरणे कोणत्याही गावी सापडतील.

उसाच्या कामातही हाच विचार करावा लागतो. बाळबांधणीच्या वेळी ऊस लहान असतो. तेव्हा साडेचार फुटी सरीतून अरुंद ट्रॅक्टर जाऊ शकतो. परंतु मोठ्या बांधणीच्या सुमारास पाने दोन्ही बाजूंनी आत येतात, आणि टिलर जेथून अंग चोरून जातो तेथे ट्रॅक्टर पाने व कोंब मोडतो. जुन्या पद्धतीच्या तीन फुटी सरीत तर ट्रॅक्टरचा प्रश्नच उद्भवत नाही. याच्या उलट तासगावकडील द्राक्षबागांत दोन ओळींमध्ये आठ-नऊ फूट अंतर असते, फवारणी वारंवार करावी लागते, आणि तेथे छोटा ट्रॅक्टर घरच्या माणसासारखा उपयोगी पडतो. तेव्हा तासगावच्या पाहुण्यांनी ट्रॅक्टरची स्तुती केली तर ती खोटी नसते. ती त्यांच्या रानाची असते.

तिसरी गोष्ट काळ्या जमिनीची. ही जमीन भिजली की चिकट, वाळली की ढेकळांची. कामाचे दिवस म्हणजे वाफशाचे मोजके दिवस. वाफसा येण्यापूर्वी जड यंत्र घातले, तर चाकाखालची माती दडपून घट्ट होते आणि पुढील पिकाच्या मुळ्यांस ती जाचते. येथे हलक्या टिलरची बाजू बळकट आहे. मात्र खोल नांगरट टिलरला झेपत नाही. भारी काळ्या रानात ती छोट्या ट्रॅक्टरलाही अवघडच जाते. त्या कामास गावातील मोठा ट्रॅक्टर भाड्याने सांगावाच लागतो. म्हणजे "ट्रॅक्टर घेतला की सगळे घरचे होईल," हा जो हिशेब मांडला जातो, त्यातील एक मोठी रक्कम येथेच वजा होते.

असे असले, तरी ट्रॅक्टरच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे मांडल्या पाहिजेत. पहिली ओझ्याची. टिलरलाही लहान ट्रॉली जोडता येते, परंतु ती संथ चालते. कृष्णाकाठच्या लोकांनी २००५, २०१९ आणि २०२१ या सालांचे महापूर पाहिले आहेत. पाणी चढू लागले, की जनावरे, वैरण, धान्य व म्हातारी माणसे उंचावर न्यावयाची असतात. त्या रात्री दारात उभी असलेली ट्रॉली कोणत्याही हिशेबापलीकडे मोलाची ठरते.

दुसरी गोष्ट माणसाच्या देहाची, आणि तीच सर्वांत कमी बोलली जाते. टिलरची पाती सुमारे दोन फूट रुंदीची माती उलथतात. दोन फुटांच्या पट्ट्याने एक एकर पुरे करावयाचे, तर मनुष्यास साडेसहा किलोमीटरांहून अधिक चालावे लागते. तेही भुसभुशीत मातीत, मुठी दाबून धरून, इंजिनाचे हादरे कोपरापर्यंत घेत. दोन वेळा पाळी घालावयाची झाल्यास तेरा किलोमीटर झाले. पंचविशीतला तरुण हे हसत करील. गुडघे धरलेल्या साठीच्या गृहस्थाने ते करावे अशी अपेक्षा शहरातील भावाने बाळगणे, हे स्वस्त यंत्राची किंमत दादाच्या हाडांकडून वसूल करण्यासारखे आहे.

धोक्याचाही विचार केला पाहिजे. टिलर नदीकडच्या उतारावर आला, की त्याचा एक विलक्षण गुण प्रकट होतो. सपाटीवर डावा खटका ओढला तर यंत्र डावीकडे वळते. तीव्र उतारावर तेच उजवीकडे जाते. कारण असे, की उतारावर इंजिन चाकांस ढकलीत नसते, रोखून धरीत असते. डावे चाक सोडले की ते मोकळे होऊन पुढे धावते आणि यंत्राचे तोंड उजवीकडे फिरते. हे ठाऊक नसलेला मनुष्य घाबरून तोच खटका अधिक ओढतो. म्हणून उतारावर खटके न वापरता वेग कमी ठेवून मुठींच्या जोरानेच दिशा धरावी. आणि मागे येताना पाती फिरती कधीही ठेवू नयेत, कारण ती चालकाच्या पायांकडेच येत असतात. ट्रॅक्टरचा धोका निराळा. अरुंद ट्रॅक्टर बांधावर एका बाजूने चढला तर कलंडतो. रुतलेले ओझे हिसक्याने ओढू गेल्यास पुढची चाके उचलली जाऊन मागे उलटतो. चालकाच्या पाठीमागे लोखंडी संरक्षक चौकट व आसनाचा पट्टा असेल, तर तेथे जीव वाचू शकतो. हा खर्च वाचविण्याचा नव्हे.

किमतीविषयी एवढेच सांगता येईल, की रोटाव्हेटर व ट्रॉलीसह छोटा ट्रॅक्टर टिलरहून पुष्कळ महाग पडतो. कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेतून २०१४-१५ पासून अनुदान मिळत आले आहे. त्याचे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून तालुक्याच्या कृषी कार्यालयात आधी विचारावे. परंतु अनुदान मिळते म्हणून यंत्र घ्यावे, हा विचार उलटा आहे. अनुदान एकदाच येते. हप्ता दरमहा वा दर हंगामास येतो, आणि दीड एकरातील यंत्र वर्षातले बहुतेक दिवस छपराखाली उभे असते.

मग निर्णय कसा करावा? एकर-दीड एकर, आखूड तुकडे, चार-साडेचार फुटी सऱ्या, आणि घरात मागे चालणारा धडधाकट तरुण असेल, तर टिलर घ्यावा. खोल नांगरटीस मोठा ट्रॅक्टर भाड्याने सांगावा. पाच-सहा एकर किंवा त्याहून अधिक सलग रान, रुंद ओळींची बाग, ओझ्याची नित्य वाहतूक, अथवा शेजाऱ्यांची भाड्याची कामे हमखास मिळणार असतील, तर छोटा ट्रॅक्टर आपला हप्ता आपण फेडील. आणि रान थोडे, तरुण मनुष्य घरी नाही, थोरले एकटेच, अशी स्थिती असेल, तर दोन्ही यंत्रे न घेता चालकासह भाड्याचे यंत्र सांगणे हाच शहाणपणा. यात कमीपणा मुळीच नाही.

खरेदीपूर्वी एक गोष्ट मात्र अवश्य करावी. दोन्ही यंत्रे एकेक दिवस भाड्याने आणून आपल्याच रानात, आपल्याच माणसाच्या हाती चालवून पाहावीत. शहरातील भावाने त्या दिवशी सुट्टी काढून बांधावर उभे राहावे. टोकाशी यंत्र कसे वळते ते पाहावे, आणि संध्याकाळी दादाला हात कसे आहेत ते विचारावे. पुतण्या "कोण बसणार?" असे विचारतो, त्याचे उत्तर दुकानात मिळत नाही, ते त्या संध्याकाळी मिळते, आणि आपला हातभार किती हेही त्यानंतरच ठरवावे.